सगळं सुधारायला जाऊ नका, आधी रस्ता, गॅस आणि पैसा सांभाळा

प्रश्न : माझं वय ३५, मिस्टर ३८ वर्षांचे. नाशिकला सातपूरच्या एका कंपनीत ते मेंटेनन्सला आहेत. आमच्या आठ वर्षांच्या मुलाच्या शाळेतून सारख्या तक्रारी यायच्या, म्हणून त्याला डॉक्टरांकडे नेलं. त्याला एडीएचडी (लक्ष टिकत नाही, मनात येईल ते लगेच केलं जातं अशी अवस्था) निघालं. बोलता बोलता डॉक्टरांनी यांनाही तपासून घ्यायला सांगितलं आणि गेल्या महिन्यात यांचंही तेच निदान झालं. सासूबाई म्हणतात, "ह्याचे वडीलही असेच होते, त्यात आजार कसला?"

गेल्या पावसाळ्यात हे गाडीवरून पडले, गळपट्टीचं हाड मोडलं. हेल्मेट घरीच होतं. दूध गॅसवर ठेवून दोनदा बाहेर निघून गेले. मुलाला आणायचं विसरले, तो शाळेच्या फाटकात रडत उभा. मोबाइलवरच्या ॲपवरून तीन कर्जं काढली, ती मला वसुलीच्या फोनवरून कळली. हप्त्यांवरून भांडण झालं त्या रात्री म्हणाले, "मी नसतो तर तुम्ही दोघं सुखात राहिला असता." कंपनीत मात्र मशीन बंद पडलं की सगळे यांनाच बोलावतात. तिथे जमतं, मग घरी का नाही? डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेट लिहून दिलं आहे. पण "ते नशेचं औषध आहे" असं कुणीतरी पाठवलेलं यांनी वाचलं, त्यात दोन दुकानांत ते मिळालंही नाही. गोळी अजून सुरूच नाही. मी उगाच घाबरते का? गोळीची सवय लागते का? आणि मला यांची आई व्हायचं नाही, बायको म्हणून राहायचं आहे. ते जमेल का?

उत्तर :

सप्रेम नमस्कार ताई,

तुम्ही विचारलेल्या तीन प्रश्नांआधी एका वाक्याबद्दल बोलते. "मी नसतो तर तुम्ही सुखात राहिला असता." भांडणाच्या भरात बोलले असतील असं समजून तुम्ही पुढे गेला आहात. मला तिथेच थांबावंसं वाटतं.

एडीएचडी असलेल्या मोठ्या माणसांमध्ये नैराश्य आणि चिंता इतरांपेक्षा बरीच जास्त दिसते, आणि आत्महत्येचे विचार व प्रयत्नही. लहानपणापासून "लक्ष कुठे असतं तुझं" ऐकत मोठा झालेला माणूस स्वतःबद्दल फार वाईट मत करून बसलेला असतो. त्यात या अवस्थेत मनात आलेलं लगेच करून टाकण्याची ओढ असते, आणि ती ओढ कर्ज काढण्यापुरतीच राहील असं नाही. म्हणून आजच, मुलगा झोपल्यावर, शांतपणे विचारा : "त्या रात्री तुम्ही जे बोललात, तसे मरणाचे विचार खरंच येतात का?" असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात येत नाही. उलट विचारणारं कुणी भेटलं म्हणून माणूस मोकळा होतो. उत्तर "हो" असेल तर त्यांना एकटं सोडू नका. त्याच दिवशी त्यांच्या डॉक्टरांना गाठा. ते भेटले नाहीत तर जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत चालते, तिथे मराठीत बोलता येतं. तुम्हाला स्वतःला धीर हवा असेल तरी तिथे फोन करा. घरात गोळ्यांचा साठा किंवा गावाकडून आणलेलं फवारणीचं औषध असेल तर ते हलवा. उत्तर "नाही" आलं तरी हे वाक्य डॉक्टरांच्या कानावर गेलंच पाहिजे, गोळी सुरू करण्याआधी. औषध कुठलं निवडायचं, नैराश्यावर आधी उपचार करायचे का, हे त्यावर ठरतं.

आता तुमच्या भीतीबद्दल. तुम्ही उगाच घाबरत नाही. डेन्मार्कमध्ये १९ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०१५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एडीएचडीचं निदान असलेल्यांचा मृत्युदर इतरांच्या सुमारे दुप्पट आढळला आणि त्याचं सगळ्यांत मोठं कारण होतं अपघात. आकडा ऐकून छातीत धस्स होतं, पण तरुण वयात मुळात मृत्यू कमी असतात, त्यामुळे दुप्पट झाले तरी ते थोडेच. मला महत्त्वाचं वाटतं ते कारण. एडीएचडी स्वतः जीव घेत नाही. ते माणसाला अपघाताच्या, कर्जाच्या, व्यसनाच्या वाटेवर जास्त वेळा नेऊन सोडतं. आणि त्या वाटा अडवता येतात.

तुम्ही यादी केली आहे त्यात मला दोन प्रकारच्या चुका दिसतात. काही चुका झाल्या तर चिडचिड होते आणि दुसऱ्या दिवशी संपते. काही चुका एकदाच होतात आणि परत भरून येत नाहीत. ओला टॉवेल, अर्धवट कपाट, विसरलेली कोथिंबीर, उशिरा गेलेला लग्नाचा आहेर हे पहिल्या प्रकारातलं. रस्ता, गॅस, कर्ज आणि ते वाक्य हे दुसऱ्या. तुमची शक्ती आत्ता दोन्हींवर सारखी खर्च होते आहे. टॉवेलवरून दिवसातून पाच वेळा बोललेल्या माणसाला हेल्मेटबद्दलचं सहावं बोलणं ऐकूच येत नाही. पुढचे काही महिने पहिल्या प्रकारातलं जवळजवळ सगळं सोडून द्या. मनातून राग जाणार नाही, जायलाही नको. फक्त तोंडातून बाहेर पडणारा शब्द राखून ठेवा, दुसऱ्या प्रकारासाठी.

"कंपनीत जमतं, मग घरी का नाही?" हे तुम्ही लिहिलंत तेव्हा "म्हणजे मुद्दाम करतात" हे मनात असणार, आणि ते साहजिक आहे. पण मशीन बंद पडतं तेव्हा काय असतं बघा. काम समोर, आवाज करत उभं. सगळे वाट पाहत असतात, दर मिनिटाला नवं कोडं, आणि मशीन सुरू झालं की बक्षीस तिथल्या तिथे. एडीएचडीचा मेंदू अशा वेळी छान चालतो, कधी कधी इतरांपेक्षाही छान. पाच तारखेचा हप्ता मात्र समोर उभा राहत नाही. तो दूर आहे, कंटाळवाणा आहे, आणि भरल्यावर काही घडतही नाही. हप्ता भरायचा हे त्यांना पक्कं माहीत असतं, पण नेमक्या क्षणी ते मनात वर येत नाही. म्हणून समजावून सांगण्याचा उपयोग होत नाही, त्यांना समजलेलंच आहे. उपयोग होतो तो त्या जागी, त्या क्षणी आडवं येणाऱ्या वस्तूचा.

रस्त्यापासून सुरुवात करा. हेल्मेट कपाटात असेल तर ते घरीच राहणार. गाडीची किल्ली हेल्मेटच्या आत ठेवायची, दोन्ही दाराजवळच्या एकाच जागी. हेल्मेट उचलल्याशिवाय किल्ली हाती येऊ नये. हेल्मेटने दुचाकीस्वाराचा मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असं जगभरचे अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष सांगतो. फोन निघण्याआधी डिकीत, गाडी चालवताना फोन-मेसेजचा आवाज बंद ठेवणारी सोय सुरू करून. पावसात आणि रात्रपाळीनंतर गाडी नको, सिटीलिंकची बस किंवा कंपनीतल्या सहकाऱ्याबरोबर. हे नियम आधी ठरलेले असावेत, पाऊस पडत असताना दारात वाद घालून नव्हे.

मुलाला त्यांच्या मागे बसवायचं का, असं तुम्ही स्पष्ट विचारलेलं नाही, पण तो प्रश्न पत्रात आहे. उपचार सुरू होऊन नीट बसेपर्यंत नको. शाळेची व्हॅन किंवा रिक्षा लावा. महिन्याचा खर्च वाढेल, पण फाटकात उभं राहण्याचा प्रश्नही त्यातच सुटतो. नंतर कधी मागे बसवाल तेव्हा त्याच्या डोक्यालाही त्याच्या मापाचं हेल्मेट हवं. चार वर्षांवरच्या मुलाला ते कायद्यानेही बंधनकारक आहे.

गॅसचं सोपं आहे. दूध आणि चहा टायमर असलेल्या इंडक्शनवर करायचा, जो वेळ झाली की आपोआप बंद होतो. शेगडी वापरली तर त्यांनी ओट्याशी उभं असताना फोनवर गजर लावायचा आणि फोन खिशात ठेवायचा, ओट्यावर नाही, कारण माणूस बाहेर जाईल आणि गजर स्वयंपाकघरात वाजत राहील.

पैशांचं मात्र वेळ घेऊन करावं लागेल. तीन कर्जं तुम्हाला वसुलीच्या फोनवरून कळली. आणखी आहेत का हे विचारून भांडण वाढवू नका, दोघांनी मिळून बघा. आपल्या देशात कुणाच्या नावावर कुठलं कर्ज आहे याची नोंद ठेवणाऱ्या चार पतमाहिती कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा स्वतःचा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. त्यांनी त्यांच्या नावाने तो काढायचा आणि तुम्ही शेजारी बसायचं. नोंदणीकृत बँका आणि वित्तसंस्थांकडून घेतलेली कर्जं त्यात दिसतील. जी ॲप त्यात कुठेच दिसत नाहीत आणि तरी धमक्या देतात, त्यांच्याबद्दल सायबर पोलिसांकडे १९३० वर तक्रार करा. बाकीच्यांत ज्याचं व्याज सर्वांत जास्त ते आधी फेडायचं.

पगाराचं खातं वेगळं, रोजच्या खर्चाचं वेगळं. पगार झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी घरभाडं किंवा घराचा हप्ता, वीज, शाळेची फी, विमा हे सगळं आपोआप वळतं व्हावं, अशी सूचना बँकेला द्यावी. यूपीआय फक्त छोट्या खात्याला जोडा, ज्यात आठवड्याची रक्कम टाकलेली असेल. क्रेडिट कार्डाची मर्यादा त्यांनी स्वतः बँकेला सांगून कमी करून घ्यावी. स्वतः म्हणजे स्वतः. तुम्ही त्यांचं कार्ड काढून घेतलंत तर ते लपवून दुसरं घेतील, आणि लपवणं हेच तर आधी थांबायला हवं आहे. कर्जाची ॲप फोनवरून काढून टाकावी, पण हप्ते फेडून खाती बंद झाल्याचं पत्र हातात आल्यावर.

आता गोळी. मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक औषध आहे आणि त्याचा गैरवापर होऊ शकतो, ही गोष्ट खरी. म्हणूनच आपल्याकडे ते औषधांच्या 'शेड्यूल एक्स'मध्ये आहे. ते विकायला दुकानदाराला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत त्याला जपून ठेवावी लागते. तुम्हाला दोन दुकानांत ते मिळालं नाही त्याचं कारण बहुधा हेच. औषध वाईट आहे म्हणून दुकानदाराने नाकारलेलं नाही. डॉक्टरांनाच विचारा की कुठे मिळतं, मोठ्या रुग्णालयांच्या आवारातल्या औषधांच्या दुकानात शक्यता जास्त. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत तोंडाने घेतल्यावर व्यसन लागणं विरळ आहे, आणि अशा उपचारामुळे पुढे व्यसनं वाढतात असं मोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाही. ज्या माणसाला उपचार मिळत नाहीत तो मात्र बऱ्याचदा सिगारेट, दारू, मोबाइलवरचे पैशांचे खेळ यांत स्वतःचं औषध शोधत फिरतो. ते जास्त धोक्याचं आहे.

औषधाने काय होतं? अमेरिकेतल्या २३ लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरचा अभ्यास २०१७ मध्ये आला. त्यात पुरुषांनी औषध घेतलं त्या महिन्यांत, त्याच पुरुषांच्या औषध न घेतलेल्या महिन्यांच्या तुलनेत, वाहन अपघातात इस्पितळात जाण्याचं प्रमाण ३८ टक्क्यांनी कमी होतं, स्त्रियांत ४२ टक्क्यांनी. स्वीडनमध्ये सुमारे दीड लाख रुग्णांवरचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. निदानानंतर औषध सुरू केलेल्यांत दोन वर्षांत दर १०,००० मागे साधारण ३९ मृत्यू, न सुरू केलेल्यांत ४८. अशा नोंदींवरून कार्यकारण शंभर टक्के सिद्ध होत नाही, पण तुमच्या नवऱ्याचं हाड एकदा मोडलेलं असताना मी या आकड्यांकडे दुर्लक्ष करणार नाही.

गोळी सुरू होण्याआधी रक्तदाब, नाडी आणि वजन बघितलं जावं. घराण्यात कुणाला तरुणपणी हृदयविकार किंवा अचानक मृत्यू झाला असेल तर सांगा. त्यांना कधी झोपेची गरजच न वाटता दिवसच्या दिवस प्रचंड उत्साह चढला असेल तर तेही सांगा. भूक कमी होणं, झोप उशिरा लागणं, छातीत धडधड हे दिसू शकतं. मात्रा कमी-जास्त करून बऱ्याचदा ते आटोक्यात येतं, पण छातीत दुखलं किंवा भोवळ आली तर थांबून लगेच डॉक्टरांना गाठायचं. हे औषध चालणार नसेल तर ॲटोमॉक्सेटिन आहे. ते उत्तेजक नाही, त्याची नशा होत नाही, पण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि त्याच्याही स्वतःच्या खबरदाऱ्या आहेत. मन उदास होत असेल तर त्यावर लक्ष ठेवावं लागतं. एक गोष्ट अगदी ठासून सांगते : बापाची गोळी मुलाला किंवा मुलाची बापाला कधीच द्यायची नाही, आणि दोन्ही कुलुपात ठेवायच्या.

अजून एक, जे चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं. मिथाइलफेनिडेटच्या साध्या गोळीचा परिणाम साधारण चार तास टिकतो, हळूहळू सुटणाऱ्या गोळीचा आठ ते बारा. सकाळी घेतलेली साधी गोळी संध्याकाळी कंपनीतून परतताना संपलेली असते, आणि तीच वेळ थकव्याची, रहदारीची. परतीच्या प्रवासाची वेळ डॉक्टरांना सांगा, म्हणजे ते गोळीचा प्रकार त्याप्रमाणे ठरवतील. रात्रीची झोप सुधारली नाही तर मात्र कुठलीच गोळी पुरी पडणार नाही. फोन हॉलमध्ये, चार्जरसकट, अकराच्या आत.

सासूबाईंचं बोलणं मला उपयोगी वाटलं, तुम्हाला ते लागलं असेल तरी. जुळ्यांच्या अभ्यासांवरून एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के धरला जातो. सासरेही असेच होते, हे डॉक्टरांसाठी पुराव्यासारखं आहे, कारण मोठ्या माणसात निदान करताना लक्षणं बाराव्या वर्षाच्या आत होती का हे बघावंच लागतं आणि ते त्यांच्या आईखेरीज कोण सांगणार? त्यांना पुढच्या भेटीला घेऊन जा. सासऱ्यांच्या मागे सगळं आवरत त्यांनी संसार कसा केला, तेही एकदा विचारा. बहुधा त्यांना हा प्रश्न कुणी विचारलेला नसेल.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न. बायको म्हणून राहणं जमेल, पण आठवण करून देण्याचं काम तुमच्या अंगावरून उतरलं तरच. आठवण गजराने करावी, भिंतीवरच्या फळ्याने करावी, बँकेने करावी. आठवड्यातून एकदा, रविवारी चहाच्या वेळी, अर्धा तास दोघांनी बसून पुढच्या आठवड्याचं बघायचं : कुणी काय करायचं, पैसे किती, गाडी कधी नाही. एरवी त्यावर बोलायचं नाही, रात्री अंथरुणावर तर मुळीच नाही. त्यांच्याकडे जी कामं असतील ती संपूर्ण त्यांची. मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे घरातली दुरुस्ती, मुलाचं विज्ञान, प्रवासातली अचानक आलेली अडचण ही कामं द्या, त्यांत ते चमकतील. एडीएचडीमुळे त्यांच्याकडून चूक होते हे आता तुम्हाला कळलं आहे, पण ती चूक निस्तरायची जबाबदारी त्यांचीच राहते. कर्ज त्यांनी काढलं, तर वसुलीवाल्याचा फोन त्यांनीच घ्यायचा. औषधासोबत एडीएचडीसाठीचं समुपदेशन, विशेषतः वर्तन बदलण्याच्या ठोस सवयी शिकवणारं, मोठ्या माणसांत उपयोगी पडतं. तेही डॉक्टरांना विचारा.

मुलासमोर "बापावर गेलायस" हे वाक्य घरात कुणीही शिवी म्हणून वापरू नये. त्याच्या उपचारांचा वेग, शाळेशी बोलणं, हे वेगळं चालू द्या, बापाच्या प्रगतीशी त्याची गाठ घालू नका.

पुढच्या भेटीला तुम्ही दोघं जा. जाताना एका कागदावर लिहून न्या : त्या रात्रीचं वाक्य शब्दशः, अपघाताची हकिगत, ते रात्री किती वाजता झोपतात, दारू-तंबाखू किती, दुसरी कुठली औषधं चालू आहेत, कंपनीतून सुटण्याची वेळ, आणि घराण्यातल्या हृदयविकाराबद्दल सासूबाईंना जे आठवेल ते. गोळी सुरू झाल्यावर काय बदललं ते महिन्याने मला कळवा. ते वाक्य पुन्हा ऐकू आलं तर मात्र पत्राची वाट बघू नका, १४४१६ वर फोन करा आणि त्यांना घेऊन डॉक्टरांकडे निघा.